काळ मागे फिरवल्याचा तो फॉरवर्ड

रविवारी रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. घरच्याच ग्रुपवर कोणीतरी टाकलेला फॉरवर्ड तिने मला वाचून दाखवला. रशियन शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये काळ मागे फिरवला. आइन्स्टाइनने ते आधीच सिद्ध केलं होतं. आपल्या पुराणांतही रेवतीच्या कथेत ते आहे. १९२८च्या एका चित्रफितीत मोबाइलवर बोलणारी बाई दिसते. म्हणून आता घडून गेलेलं बदलता येईल.

काकांना जाऊन तीन वर्षं झाली. त्या रात्री छातीत दुखत होतं, तरी ‘सकाळी बघू’ म्हणून ते घरीच थांबले. मावशी म्हणाली, “तू फिजिक्स शिकवतोस ना रे? हे आपल्यासारख्यांना कधी मिळेल?”

त्या प्रश्नानंतर मला झोप लागली नाही. विज्ञानाच्या नावाने काहीही पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग आला आहे.

रशियन प्रयोगाचंच आधी बघू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर आहे. प्रयोग खरा आहे. मॉस्कोच्या भौतिकी-तंत्रज्ञान संस्थेतले लेसोविक आणि त्यांचे सहकारी यांचा शोधनिबंध मार्च २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला, आणि तो कोणालाही फुकट वाचता येतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तो उघडलेला नाही. आयबीएमच्या क्वांटम संगणकावर दोन-तीन क्युबिट, म्हणजे त्या संगणकातले माहितीचे सगळ्यांत लहान घटक, एका ठरावीक अवस्थेत ठेवले. ती अवस्था विस्कटू दिली. मग एक खास आज्ञावली चालवून क्युबिट अशा स्थितीत आणले, की पुढे नेहमीच्याच नियमांनी जाताना ते मूळ अवस्थेला पोचावेत. दोन क्युबिटना हे सुमारे ८५ टक्के वेळा जमलं, तिसरा घेतल्यावर निम्म्याच वेळा. हे होत असताना प्रयोगशाळेतलं घड्याळ पुढेच चालत होतं. मावशी स्वेटर विणते, म्हणून तिला तिच्याच भाषेत सांगितलं: विणलेलं उसवून लोकर पुन्हा गुंडाळली, तरी विणायला बसलीस तो दिवस परत आला नाही.

त्याच निबंधात आणखी एक हिशेब आहे. निसर्गात एखादा इलेक्ट्रॉन आपणहून असा मागे जाईल का? विश्वाच्या १३.७ अब्ज वर्षांच्या आयुष्यात दर सेकंदाला दहा अब्ज इलेक्ट्रॉन तपासत बसलं, तर हे एकदा दिसेल, तेही सेकंदाच्या दहा अब्जाव्या भागापुरतं. एका इलेक्ट्रॉनची ही गत, आणि फॉरवर्ड एका माणसाची अख्खी रात्र परत देऊ बघतो!

आइन्स्टाइनबद्दल अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. वेगाने आणि गुरुत्वाकर्षणाने घड्याळाची चाल बदलते. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सिझियमची चार अणुघड्याळं प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली. जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा पूर्वेच्या दिशेने फिरून आलेली सुमारे ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग) मागे पडली, पश्चिमेच्या दिशेने फिरून आलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. जीपीएसच्या उपग्रहांतल्या घड्याळांना दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती लागते. पण घड्याळ मागे पडलं म्हणून विमान काही कालच्या दिवसात उतरलं नाही. हा सगळा प्रवास भविष्याकडचा आहे, कोणाचा कमी, कोणाचा जास्त. गोडेल या गणितज्ञाने १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असं विश्व मांडलं, की ज्यात फिरत फिरत स्वतःच्या भूतकाळात येता येतं. ते विश्व अख्खं गरगरत असतं. आपलं तसं असल्याचा पुरावा नाही.

रेवतीची कथा मला लहानपणापासून आवडते. भागवताच्या नवव्या स्कंधात ककुद्मी राजा मुलीला घेऊन ब्रह्मलोकात जातो, थोडं गाणं संपेपर्यंत थांबतो, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटलेली असतात. दोन ठिकाणचा काळ वेगळा चालू शकेल ही कल्पना केवढी मोठी! पण त्यात गणित नाही. आणि मुलीसाठी मनात योजलेले नवरदेव केव्हाच मरून गेलेले असतात; त्यांच्यासाठी राजाला मागे जाता येत नाही. तो बलरामाला मुलगी देतो. ही कथा फॉरवर्डच्या विरुद्ध साक्ष देते.

१९२८च्या बाईचं एका वाक्यात: टॉवर नाहीत, पलीकडे दुसरा फोन नाही, तर ती बोलणार कोणाशी?

आता ‘घडलेलं बदलता येईल’. हे सगळ्यांत घातक. डेव्हिड लुइस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये कालप्रवासाच्या कोड्यांवर निबंध लिहिला. तो मागे जाण्याच्या बाजूनेच बोलतो, त्यात तर्कदोष नाही म्हणतो. बदलणं मात्र त्यालाही मान्य नाही. एकच क्षण दोनदा घडत नाही, आधी तुमच्याशिवाय आणि मग तुमच्यासह. कोणी त्या रात्री परत गेलाच, तर तो त्या रात्री तिथे होताच. मावशी त्या रात्री जागी होती. ‘आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या’ म्हणायला कोणीही दार वाजवलं नाही.

हे शेवटचं मी तिला सांगितलं नाही. “असं यंत्र नाही गं,” एवढंच म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मंगळवारी जाऊन आलो, तर फॉरवर्ड तसाच मोबाइलमध्ये होता. ज्याने तो ग्रुपवर टाकला, त्याने तिथेच स्वतः लिहावं की हे खोटं आहे. ती अजून तो उघडून वाचते.