टपावरची डिश, परदेशी संच आणि खानापूरचे जंगल : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या मराठी गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा : परदेशातून उपग्रह इंटरनेटचा संच मागवावा आणि घरगाडीच्या (राहता येईल अशी केलेल्या गाडीच्या) टपावर बसवावा, परवाना लागत नाही, घाट, जंगल, पाऊस, धावती गाडी, कुठेही इंटरनेट मिळते, आणि हे सारे गाडीच्याच बॅटरीवर रात्रंदिवस चालते. सौंदत्तीच्या आणि पंढरपूरच्या यात्रेसाठी टेम्पो ट्रॅव्हलरची घरगाडी करून घेणाऱ्या दोन कुटुंबांनी मला याबद्दल विचारले. त्यांचे पैसे वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहीत आहे.

हे तंत्रज्ञान खोटे नाही, हे आधी मान्य करतो. जुने दळणवळण उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. तिथवर प्रश्न जाऊन उत्तर परत येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद जातो, त्यामुळे बोलणे अडखळते. स्टारलिंक या अमेरिकी उपग्रह इंटरनेट सेवेचे उपग्रह सुमारे 480 ते 550 किलोमीटरवर फिरतात, म्हणून ही अडचण त्यांना फारशी जाणवत नाही. संदेशातील चूक यंत्राच्या गुणांत नाही. ते कुठे, कोणत्या परवानगीने आणि कशाच्या जोरावर चालेल, याबद्दलच्या दाव्यांत आहे.

परवाना लागत नाही, हा त्यातील सर्वांत घातक दावा होय. घरावरची टीव्हीची डिश केवळ ग्रहण करते, तर इंटरनेटची डिश आकाशाकडे प्रक्षेपणही करते, आणि म्हणूनच कायदा या दोहोंना एकाच मापाने मोजत नाही. दूरसंचार कायदा, 2023 नुसार रेडिओ उपकरण जवळ बाळगण्यासाठीसुद्धा अधिकृत परवानगी अपेक्षित आहे. ‘स्टारलिंकला तर परवाना मिळाला आहे’ असे उत्तर यावर दिले जाते. तो 2025 च्या जूनमध्ये मिळाला हे खरे, परंतु तो कंपनीला मिळाला आहे. परदेशी पत्त्यावर नोंदवलेला संच बॅगेत घालून इथे आणण्याची मुभा त्याने कोणालाही दिलेली नाही. शिवाय संच कोणत्या देशात आहे हे कंपनीला कळते आणि परवानगी नसलेल्या ठिकाणी ती सेवा बंद ठेवू शकते. 2024 च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी महिलेला उपग्रहाद्वारे संदेश पाठवणाऱ्या लहानशा उपकरणामुळे अडवण्यात आले होते. चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याला ये-जा करणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे.

याच्या उलट, सीमाभागावर खास पाळत असल्याने आपल्याकडे ही सेवा मिळणारच नाही, असेही काही जण सांगतात. तेही चूक आहे. 2025 च्या मे महिन्यातील सुरक्षा अटींत ज्या पन्नास किलोमीटरच्या पट्ट्याचा उल्लेख आहे तो देशाच्या सीमेलगतचा आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेशी त्याचा संबंध नाही.

आता जंगलाचा दावा. खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी आणि भीमगडच्या परिसरात मोबाइलचे नेटवर्क जाते हे आपण सारेच अनुभवतो, त्यामुळे लोकांना हाच दावा सर्वांत जास्त भुलवतो आणि नेमका तिथेच तो फसतो. टीव्हीच्या डिशला आकाशातील एकच ठरलेली जागा दिसली तरी पुरते. दोन झाडांमधल्या फटीतूनही तिचे काम भागते. खालच्या कक्षेतील उपग्रह मात्र सुमारे 95 मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि काही मिनिटांतच आपल्या माथ्यावरून निघून जातो. डिशला सतत एकाकडून दुसऱ्याकडे वळावे लागते आणि त्यासाठी शंभर अंशांहून अधिक रुंद मोकळे आकाश हवे असते. जांभूळ, ऐन, किंजळ यांच्या दाट छायेत गाडी उभी केली, तर दर थोड्या वेळाने जोडणी तुटणारच. त्यातून ओली पाने कोरड्या पानांपेक्षा अधिक लहरी शोषतात. संदेशासोबतच्या चित्रफिती युरोप-अमेरिकेतील आहेत, हेही विसरू नये. स्टारलिंकच्या बहुसंख्य उपग्रहांच्या कक्षा 53 अंश कललेल्या असल्याने त्यांची दाटी पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास सर्वाधिक असते. बेळगाव सोळाव्या अंशाजवळ आहे. म्हणून परदेशात मिळालेला वेग इथे गृहीत धरणे योग्य नाही.

पावसाबद्दल थोडक्यात सांगता येईल. या सेवेच्या लहरी मुसळधार सरींत क्षीण होतात. कणकुंबीचा आषाढ ज्याने पाहिला आहे, त्याला अधिक सांगायला नको.

धावत्या गाडीचा दावा अर्धा खरा आहे. अमेरिकेच्या नियामकाने 2022 च्या जूनमध्ये चालत्या वाहनांवरील वापराला मान्यता दिली, पण ती त्यासाठीच बनवलेल्या, टपावर घट्ट बसवायच्या संचांना. स्टँडवर उभी केलेली घरगुती डिश ताशी 80 किलोमीटर वेगाने नेली, तर दर चौरस मीटरला सुमारे 30 किलो भाराइतका वारा तिच्यावर आदळतो, आणि वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. डिश चुंबकाने बसवू म्हटले, तरी फायबरच्या किंवा ॲल्युमिनियमच्या टपाला चुंबक चिकटत नाही. ती डिश महामार्गावर मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर पडली तर काय होईल, हा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही.

बॅटरीचा हिशेब कोणीही कागदावर मांडू शकतो. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 1200 वॅट-तास असतात, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणजे हाती 600 उरतात. मोठा संच 75 ते 100 वॅट घेतो. इन्व्हर्टरमधील घट धरली तर तो पाच ते सात तास चालेल. 25 ते 40 वॅटचा लहान संच इन्व्हर्टरशिवाय, थेट बॅटरीच्या डीसी विजेवर पंधरा ते चोवीस तास निघेल. पण इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवरच हे चालवले, तर सकाळी गाडी ढकलावी लागेल. त्यासाठी वेगळी बॅटरी हवी, आणि पावसाळ्यात सौर पॅनलवर भिस्त ठेवता येत नाही.

मी दोन्ही कुटुंबांना डिशसाठी आत्ताच टपाला भोक न पाडण्याचा सल्ला दिला. आमच्याच गाडीच्या टपावर पॅनलच्या वायरसाठी पाडलेल्या एका छिद्राचे सिलिकॉन दुसऱ्या पावसाळ्यात सुटले आणि आतले प्लायवूड फुगले. आतील काम चालू असतानाच पुढे वायर ओढता यावी म्हणून टपापर्यंत एक रिकामा पाइप टाकून ठेवावा आणि त्याचे तोंड बंद करावे. सध्या टपावरचा साधा बाह्य अँटेना सिमकार्डच्या राउटरला जोडावा. सिग्नल वाढवणारा बूस्टर मात्र लावू नये, कारण तो विनापरवाना बसवणे बेकायदा आहे. एका कुटुंबाने पाइप टाकून घेतला आहे. दुसऱ्याचा संच मागवायचा बेत आता रद्द झाला आहे.