‘हॅकवाला कधीच सापडत नाही’ हा दावा खरा नाही

लातूर, नांदेड आणि परभणीकडच्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: ऑनलाइन गेममध्ये हॅक (लबाडीने जिंकायला मदत करणारी फाइल) वापरणारा कधीच सापडत नाही, कंपन्यांनाच असे खेळाडू हवे असतात, वरच्या रँकचे सगळे हॅकवरच खेळतात आणि म्हणूनच आपण भिंतीआड गेलो तरी गोळी लागते, बंदी आलीच तर नवीन आयडी काढता येतो, अँटी-चीट (हॅक पकडणारी यंत्रणा) ही केवळ आपल्या फोनची हेरगिरी आहे, आणि गेम फुकट असल्यामुळे यात कुणाचेच नुकसान होत नाही. मेसेजच्या शेवटी मॉड फाइलची, म्हणजे गेममध्ये फेरफार करणाऱ्या फाइलची, टेलिग्राम लिंक दिलेली असते. लातुरात हौशी स्पर्धांच्या रूम (खासगी ऑनलाइन सामने) लावण्याच्या कामात मी असतो, आणि अकरावी-बारावीची मुले हा मेसेज खरा मानून ती फाइल फोनमध्ये टाकत आहेत हे मला रोज दिसते. म्हणून त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

हॅकवाला सापडत नाही याचा पुरावा म्हणून मेसेजमध्ये एवढेच सांगितले आहे की तो आठ-आठ दिवस बिनधास्त खेळत राहतो. तो तसा खेळताना दिसतो हे खरे आहे, पण त्याचा अर्थ तो नजरेत आलेला नाही असा होत नाही. सापडल्याबरोबर बंदी घातली, तर फाइल विकणाऱ्याला आपली नेमकी कोणती युक्ती पकडली गेली हे तासाभरात कळते आणि दुसऱ्या दिवशी सुधारित फाइल बाजारात येते. म्हणून कंपन्या पुष्कळदा नावे गोळा करत राहतात आणि मग एकाच वेळी मोठी बंदी घालतात. डोटा २ या गेममध्ये व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये हेच केले. सरळ खेळणाऱ्याच्या गेमने कधीही वाचू नये अशी माहिती तिने गेममध्ये मुद्दाम पेरून ठेवली आणि ती ज्यांच्याकडून वाचली गेली अशी ४० हजारांहून अधिक खाती एका झटक्यात बंद केली. त्या खातेदारांनाही आदल्या दिवशीपर्यंत आपण सुरक्षित आहोत असेच वाटत असणार.

शिवाय फोनमधली किंवा संगणकातली फाइल पकडणे हा शोधाचा केवळ एक मार्ग आहे. परीक्षेत भरारी पथकाच्या हाती न लागलेली कॉपी पेपर तपासताना सापडते, कारण एकाच बाकावरच्या पोरांची चुकीची उत्तरेही शब्दशः सारखी असतात. खेळातही नेमकी तशी खूण मागे राहते. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये गोळी झाडण्याच्या आधी आणि नंतर नेम कसा सरकला याच्या नोंदी शिकलेली एक संगणकीय प्रणाली व्हॉल्व्हने बसवली आणि ती संशयित सामने अनुभवी खेळाडूंकडे तपासायला पाठवू लागली. २०१८ मध्ये कंपनीने दिलेल्या माहितीनुसार, खेळाडूंनी केलेल्या तक्रारींपैकी १५ ते ३० टक्केच तपासात खऱ्या ठरत होत्या, तर या प्रणालीने पाठवलेल्या प्रकरणांत हे प्रमाण ८० ते ९५ टक्के होते. व्हॅलोरंट या गेमने तर मुळावरच घाव घातला आहे: शत्रू नजरेच्या टप्प्यात येण्याच्या बेतात असल्याशिवाय त्याची जागा सर्व्हर तुमच्या संगणकाला कळवतच नाही, त्यामुळे वॉलहॅक (भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारा हॅक) असला तरी त्याला दाखवायला फारसे काही उरत नाही. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. नेम हळूच थोडासा सुधारून देणारा हॅक जपून वापरला, तर तो पकडायला वेळ लागतो, आणि काही जण निसटतातही. पण काही निसटतात आणि कुणीच सापडत नाही यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भिंतीआड लागणाऱ्या गोळीचा मुद्दा मी सविस्तर घेतो, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत तोच सर्वांत जास्त असतो आणि बहुतेक वेळा त्यात हॅक नसतोच. औसा किंवा निलंगा तालुक्यातल्या एखाद्या गावात संध्याकाळी सगळे जण एकाच टॉवरवर तुटून पडतात, तेव्हा पिंग, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यात निरोप जायला-यायला लागणारा वेळ, वाढतो. समजा तुमची हालचाल सर्व्हरमार्गे समोरच्याच्या पडद्यावर पोहोचायला एकूण दीडशे मिलिसेकंद लागले. सेकंदाला सहा मीटर धावणारा खेळाडू तेवढ्या वेळात नव्वद सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट पुढे जातो. तुमच्या पडद्यावर तुम्ही भिंतीआड पोहोचलेले असता आणि त्याच्या पडद्यावर अजून उघड्यावर असता. अशा वेळी नेमबाजावर अन्याय होऊ नये म्हणून अनेक गेमचे सर्व्हर घड्याळ किंचित मागे फिरवतात आणि गोळी सुटली तेव्हा नेमबाजाला काय दिसत होते त्यावरून निकाल देतात. म्हणून भिंतीआड गेल्यावर मेल्यासारखे वाटते. आमच्या एका रूममध्ये उदगीरच्या एका मुलावर अशाच प्रकारावरून आरोप झाला आणि समोरच्या स्क्वॉडने रिपोर्टवर रिपोर्ट मारले. त्याचे हँडकॅम (खेळताना हातांचे केलेले चित्रीकरण) आणि स्क्रीनचे रेकॉर्डिंग शेजारी-शेजारी लावून आम्ही सावकाश पाहिले, तेव्हा त्याने ट्रिगर दाबला त्या क्षणी त्याच्या पडद्यावर शत्रूचा अर्धा खांदा स्पष्टपणे बाहेर होता. तो निर्दोष होता. निव्वळ ओरड्यावर निर्णय दिला असता, तर चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे झाले असते.

खरा हॅक वेगळाच दिसतो. दुसऱ्या एका स्पर्धेत एका खेळाडूची क्रॉसहेअर (पडद्यावरची नेम धरायची खूण) टेकडीपलीकडे सरपटत जाणाऱ्या माणसाच्या डोक्याबरोबर सरकत होती. ना पावलांचा आवाज ऐकू येण्याइतके अंतर कमी होते, ना नकाशावर कसली खूण होती. तो माणूस टेकडीमागे थांबला की क्रॉसहेअरही थांबायची. एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल. त्या सामन्यात ते पुन्हा पुन्हा घडत होते. वरच्या रँकवरच्या प्रत्येकाला हॅकवाला म्हणणाऱ्यांनी असे रेकॉर्डिंग एकदा तरी शांतपणे पाहावे, कारण वर्ष-वर्ष ट्रेनिंग ग्राउंडवर हात बसवलेल्या मुलांच्या मेहनतीवर ते एका वाक्यात पाणी फिरवत असतात.

कंपन्यांनाच चीटर हवे असतात, हा दावा पैशाच्या हिशेबातही बसत नाही. हॅकवाला फुकटच्या आयडीवर खेळतो, आणि त्याला कंटाळून गेम सोडून जातो तो स्किन (गेममधली सजावट) विकत घेणारा प्रामाणिक खेळाडू. डेस्टिनी २ या गेमची निर्माती बंजी कंपनी हॅक विकणाऱ्या एमजंकीजविरुद्ध कोर्टात गेली आणि मे २०२४ मध्ये सिॲटलच्या ज्यूरीने तिच्या बाजूने कौल दिला. भरपाई मिळाली ६३ हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे अशा खटल्याच्या खर्चापुढे किरकोळच. तरीही कंपनीने तो लढवला. दक्षिण कोरियात तर असे हॅक बनवणे आणि वाटणे हाच कायद्याने गुन्हा आहे. कंपन्यांचे एक वागणे मात्र मला खटकते: बंदीविरुद्ध अपील करणाऱ्याला साचेबंद उत्तर येते, आणि चुकून अडकलेल्या मुलाला दाद मागायला जागाच उरत नाही.

नवीन आयडी काढण्याचा सल्ला तर आता जुना झाला आहे. बीजीएमआय या मोबाइल गेमने डिसेंबर २०२१ मध्येच खात्याबरोबर फोनवरही बंदी घालायला सुरुवात केली. त्यामुळे नवा आयडी त्याच फोनवर चालत नाही, आणि घरात एकच फोन असेल तर धाकट्या भावाचा खेळही त्यात जातो.

हेरगिरीच्या आरोपात मात्र तथ्याचा अंश आहे. व्हॅलोरंटचे व्हॅनगार्ड हे अँटी-चीट २०२० पासून विंडोजच्या अगदी गाभ्यात, संगणक सुरू होतानाच चालू होते, आणि त्यावर लोकांनी घेतलेले आक्षेप रास्त होते. २०२२ मध्ये गेनशिन इम्पॅक्ट या गेमच्या अँटी-चीट ड्रायव्हरचाच वापर करून खंडणीखोर व्हायरस पसरवणाऱ्यांनी संगणकाचे संरक्षण बंद पाडल्याचे उघड झाले. पण ही संगणकावरची गोष्ट झाली. अँड्रॉइडवर गेम इतर ॲपप्रमाणे स्वतःच्या कप्प्यात चालतो आणि त्याला फोनच्या गाभ्यात शिरता येत नाही. हेरगिरीची एवढी भीती असेल, तर अनोळखी माणसाने टेलिग्रामवर दिलेल्या फाइलवर विश्वास ठेवणे म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडणे आहे.

त्यातूनच शेवटच्या दाव्याचे उत्तर मिळते. नुकसान आधी खेळाडूंचे होते. २०१८ मध्ये शांघायच्या एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या संघाचा एक खेळाडू हॅक वापरताना पकडला गेला, ‘वर्ड.एक्सई’ असे साळसूद नाव दिलेली फाइल त्याच्या संगणकात सापडली. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली, पण ज्यांनी काहीच केले नव्हते त्या सहकाऱ्यांचा अख्खा संघही बरखास्त झाला. आपल्याकडच्या लहान स्पर्धांतही बक्षिसाची रक्कम हॅकवाल्याने नेली, की तीन-चार मित्रांनी काढलेली एंट्री फी आणि मेहनत दोन्ही वाया जातात.

दुसरे नुकसान घराचे. अशी मॉड फाइल इन्स्टॉल करताना एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली गेली, तर तिथेच थांबावे, कारण नेम धरायला एसएमएस लागत नाहीत. ते लागतात ओटीपी वाचायला. आपल्याकडे मुलाच्या हातातला फोन पुष्कळदा वडिलांचा असतो, आणि सोयाबीनची पट्टी असो की पीक विम्याची रक्कम, ती ज्या खात्यात जमा होते त्याचे यूपीआय त्याच फोनमध्ये असते. फाइल आधीच टाकली असेल, तर प्रथम त्या फोनचे इंटरनेट बंद करावे, सेटिंगमध्ये जाऊन ॲक्सेसिबिलिटीची परवानगी काढावी, मग ॲप उडवावे आणि त्याचे सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तिथून यूपीआय पिन बदलून घ्यावा. खात्यातून पैसे गेले असतील, तर ओरडा बसेल या भीतीने गप्प न बसता वडिलांना सांगून लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, कारण तक्रार जितकी लवकर होईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.