३१६ युरो कशाचे?

नमस्कार,

फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका रेस्टॉरंटमधल्या आमच्या दुपारच्या जेवणावर मी लिहिलं आणि त्यावर तुम्ही जे लिहिलंत, ते मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना राग आला होता, म्हणून चार दिवस थांबले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पाच माणसांच्या एका जेवणाला तीनशेच्या वर युरो ही शुद्ध उधळपट्टी, ताटलीत घासभर अन्न आणि वर पाण्याचेही पैसे, ९ वर्षांच्या मुलीला आणि ७५ वर्षांच्या वडिलांना पावणेतीन तास खुर्चीत बसवून ठेवणं हा छळ, घरगुती स्वयंपाकाशी या थाटाचा काडीचाही संबंध नाही, आणि हे सगळं काटेचमच्यांच्या गुलामीतून येतं. शेवटी तुम्ही म्हणालात, "काय खाल्लं यापेक्षा कुठे बसलो हेच तुम्हाला सांगायचं होतं."

ते शेवटचं वाक्य लागलं, कारण माझ्या लेखाकडे बघून तसं वाटणं साहजिक आहे. लेखात ताटल्यांचे फोटो होते, सॉसचं वर्णन होतं, पण आम्ही तिथे का गेलो आणि त्या टेबलावर खरं काय घडलं, हे मी गाळलं होतं. बाबांनी तेव्हा "माझ्याबद्दल लिहू नकोस" असं सांगितलं होतं. आता त्यांना विचारून लिहितेय.

दीड वर्षापूर्वी बाबांना पॅरालिसिसचा सौम्य झटका येऊन गेला. चालणं-बोलणं पूर्ववत झालं, पण उजवा हात थरथरतो. तेव्हापासून ते चारचौघांत जेवायला बसत नाहीत. लग्नकार्य असो, कोणाकडे बोलावणं असो, "मी घरून खाऊन आलोय" हे उत्तर ठरलेलं. आणि मासा हा त्यांचा जीव की प्राण, पण काटे काढता येत नाहीत आणि दुसऱ्याने काढून दिलेले चालत नाहीत, म्हणून मासाही सुटला. त्यांना ७५ वर्षं पूर्ण झाली तेव्हा आम्ही सगळे ल्योंमध्ये होतो. मी हट्टाने ते टेबल बुक केलं. फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या: आई मासे-मांस खात नाही, आणि वडिलांना हात असलेली खुर्ची हवी. हाताच्या थरथरीबद्दल काही बोलले नाही.

बाबांनी ट्राउट मासा मागवला. मी "अहो बाबा" म्हणेपर्यंत त्यांनी मागवला होता. मेन्यूत तो आहे हे बघून त्यांना राहवलं नसावं. माझ्या नवऱ्याने आणि मीही मग तोच घेतला. थोड्या वेळाने तीन अख्खे मासे आले, लोण्यात परतलेले, डोक्या-शेपटीसकट. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी उजवा हात टेबलाखाली घेतला होता.

आमच्या टेबलाचं बघणारा वाढपी साठीच्या आसपासचा होता. त्याने ताटल्या आमच्यासमोर ठेवल्याच नाहीत. चाकांचं एक छोटं टेबल असतं, त्याला गेरिदों म्हणतात, ते त्याने आमच्या बाजूला आणलं आणि तिन्ही मासे त्यावर घेतले. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात काटा. आधी पाठीवरच्या आणि पोटाकडच्या पंखांची रांग बारीक काट्यांसकट ओढून बाजूला केली. मग चमच्याच्या कडेने कातडी गुंडाळत शेपटीपर्यंत नेली. माशाच्या अंगावर मधोमध एक रेघ असते, तिच्यावरून चमचा फिरवला आणि मांसाचे दोन भाग अलगद वर-खाली सरकवले. मधला कणा उघडा पडला. शेपटीकडून उचलला तो डोक्यासकट एका फटक्यात बाहेर. गालातला वाटाण्याएवढा मऊ तुकडा काढून वर ठेवला, भाग पुन्हा जुळवले, चॉकलेटी झालेलं गरम लोणी ओतलं. एका माशाला दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. तिन्ही मासे त्याने असेच सोलले.

शेजारच्या टेबलावरही ट्राउट होता. तिथे अख्खा मासा ताटलीत गेला आणि त्या बाईंनी स्वतः साफ केला. म्हणजे आमच्याकडे जे झालं, ते त्याने हात बघून ठरवलं होतं. कदाचित पहिल्या पेल्याच्या वेळीच बघितलं असेल, कारण बाबांचा पाण्याचा पेला नंतर दर वेळी अर्धाच भरला जात होता आणि डाव्या हाताला ठेवला जात होता. एकट्या बाबांचा मासा सोलून आणला असता, तर त्यांनी तो खाल्ला नसता. तिघांचे सोलले, म्हणून खाल्ला. पूर्ण खाल्ला. ताटलीतलं लोणी पावाने पुसून खाल्लं.

तुम्ही विचारलंत, पैसे कशाचे? माझं उत्तर हे आहे. त्या दुपारी खोलीत तिसेक माणसं जेवत होती आणि वाढणारे सात होते, स्वयंपाकघरातले वेगळे. फ्रान्समध्ये हे काम शिकून करायचं काम आहे. तिथे 'मेय्यर उव्रिए द फ्रान्स' नावाची स्पर्धा असते. देशातले सर्वांत निष्णात कारागीर त्यातून निवडले जातात, आणि त्यांना निळी-पांढरी-लाल कॉलर लावायचा मान मिळतो. त्यात लाकूडकाम आहे, चीज आहे, मिठाई आहे. तशीच जेवण वाढण्याचीही स्वतंत्र शाखा आहे. मासा पाहुण्यासमोर सोलणं, कोंबडी कापणं हे त्या विद्येचे भाग. आमचा वाढपी तसली कॉलर लावणारा नव्हता. पण विद्या तीच.

आता हिशेब. लेखात मी तो दिला नाही ही चूक झाली, तुमचा आक्षेप मान्य. फ्रान्समध्ये 'मेन्यू' म्हणजे ठरलेल्या दराचं पूर्ण जेवण. पदार्थांच्या यादीला ते 'कार्त' म्हणतात. दुपारचा मेन्यू माणशी ५८ युरो, चार मोठ्यांचे २३२. मुलीचं जेवण २५. वाइनचे दोन पेले २८, तीन कॉफी १५, पाण्याच्या दोन बाटल्या १६. एकूण ३१६. वर काही नाही. १९८७ पासून तिथे छापलेल्या दरातच सेवेचे पैसे धरलेले असावे लागतात आणि करही त्यातच असतो: जेवणावर १० टक्के, दारूवर २० टक्के. म्हणजे ५८ मधले सव्वापाच युरो सरकारचे. त्याच स्वयंपाकघरात रात्री याच्या दुपटीहून जास्त मोजावे लागले असते. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी जाणं हा आमच्यासारख्यांचा मार्ग आहे. मी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे होते, आणि ते कशावर खर्च करायचे हे मी विचार करून ठरवलं होतं. म्हणून 'उधळपट्टी' हा शब्द मी स्वीकारत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. नळाचं पाणी सुरईतून फुकट मागता येतं, 'काराफ दो' एवढंच म्हणायचं. २०२० च्या कायद्याने तर हे गिऱ्हाइकाला दिसेल असं लिहिणंही बंधनकारक केलंय. "साधं की बुडबुड्यांचं?" असा प्रश्न आला आणि मी "साधं" म्हणाले, तिथेच १६ युरो गेले. हे मला माहीत असायला हवं होतं, आणि लेखात वाचकांना सांगायलाही हवं होतं.

"घासभर अन्न" हे फोटोवरून वाटतं, कारण फोटोत एक ताटली दिसते. आधी चिमुकले दोन खाऊ आले, मग पहिला पदार्थ (त्याला 'आंत्रे' म्हणतात), मग मासा, मग चीज, मग गोड, आणि कॉफीबरोबर पुन्हा छोटी मिठाई. मधे पाव आणि लोणी हवं तेवढं. आईसाठी मोरेल मशरूम आणि कोवळ्या मटारचा पदार्थ होता, तोही मागाहून जोडलेला वाटला नाही. आम्ही कोणीही रात्री जेवलो नाही. एका वेळी एकच ताटली यायची ही पद्धत फ्रान्समध्येही जुनी नाही. पूर्वी मोठ्या घरांत सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत; दिसायला भरगच्च, पण शेवटपर्यंत अर्धं अन्न गार. एकामागून एक गरम वाढण्याची रीत १९व्या शतकात रशियन पद्धत म्हणून तिथे रुजली.

घरगुती स्वयंपाकाशी संबंध नाही, हे तुमचं वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं, कारण ल्योंबद्दल ते अगदीच उलटं आहे. या शहराचं नाव झालं ते घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांमुळे. श्रीमंतांकडे चुलीपुढे राबलेल्या या बायकांनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या. लोक त्यांना 'मेर' म्हणत, म्हणजे आई. ओजेनी ब्राझिए ही त्यांतली एक. १८९५ मध्ये शेतकरी घरात जन्मली, लहानपण गुरं-डुकरं राखण्यात गेलं, ल्योंमध्ये मोलकरीण म्हणून आली. १९२१ मध्ये तिने रु रोयाल या रस्त्यावर स्वतःची जागा उघडली, आणि १९३३ मध्ये रेस्टॉरंटांना दर्जा देणाऱ्या मिशलँ गाइडने तिच्या शहरातल्या आणि डोंगरावरच्या अशा दोन्ही ठिकाणांना प्रत्येकी तीन तारे, म्हणजे सर्वोच्च दर्जा, दिला. असे सहा तारे मिळवणारी ती पहिलीच, बाई किंवा बुवा. पुढे जगप्रसिद्ध झालेला शेफ पॉल बोक्यूझ तरुणपणी तिच्याच हाताखाली राबला. तिच्या जेवणाचा पाया कोंबडी, लोणी, साय, भाज्या असा घरगुतीच. आमच्या टेबलावरचा ट्राउटही तसाच, लोण्यात परतलेला मासा. त्यात थाट कुठे आहे? थाट टेबलक्लॉथचा होता, आणि तो मलाही नसता तर चाललं असतं.

काटेचमच्यांबद्दल एवढंच सांगते: ओळखायची वेळच येत नाही. प्रत्येक पदार्थाआधी आधीचं उचलून नेतात आणि लागणारं तेवढंच ठेवतात. सॉससाठी पसरट चमचा देतात. पाव तर हातानेच तोडायचा, सुरीने कापणं तिथे बरं दिसत नाही. बाबांना ज्या दिवशी हाताची लाज वाटली नाही, त्या दिवसाला गुलामी म्हणू नका, एवढी विनंती.

मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत त्यात तथ्य आहे. पहिला तास-दीड तास मजेत गेला. चित्रांची वही होतीच, शिवाय चीजची गाडी आली तेव्हा ती उठून जवळ गेली आणि वाढप्याने तिला कोंते नावाच्या चीजचे दोन तुकडे दिले, एक कमी मुरलेला आणि एक दोन वर्षं मुरलेला. दुसऱ्यात दाताखाली मिठासारखे कण लागतात, ते तिने स्वतः शोधून काढलं. पण पावणेदोन वाजता तिने माझ्या मांडीवर डोकं टेकलं. मी वाढप्याला सांगितलं, त्याने तिचं गोड आमच्याआधीच आणलं. तरीही शेवटचा अर्धा तास तिच्यासाठी लांबला. मी पुन्हा गेले तर बाराच्या ठोक्याला जाईन आणि तिचं जेवण एकामागोमाग द्या, असं आधीच सांगेन.

मोठ्यांसाठी मात्र ते पावणेतीन तास मला कमी करावेसे वाटत नाहीत. २०१० मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत फ्रेंचांचा एखादा पदार्थ घातला नाही. जन्म, लग्न, वाढदिवस अशा निमित्ताने माणसं एकत्र येऊन ठरलेल्या क्रमाने जेवतात, ते अख्खं जेवण घातलं. टेबल त्या दुपारपुरतं तुमचं असतं. मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, कारण न मागता आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. चीज आणि गोडाच्या मधे बाबा आईला त्यांच्या पहिल्या नोकरीतल्या मेसबद्दल सांगत होते. आईला ते सगळं माहीत होतं, तरी ती ऐकत होती. दीड वर्षात ते टेबलावर इतका वेळ टिकले नव्हते.

तुम्ही सुचवलंत तसं साध्या बिस्त्रोत, म्हणजे छोट्या खाणावळीत, जेवलो असतो तर? ल्योंमध्ये तीही जेवणं आम्ही केली आणि उत्तम होती. पण तिथे एकटा माणूस वीस टेबलं सांभाळत होता. त्याला बाबांचा हात दिसला नसता, आणि तो त्याचा दोष नव्हता.

लेखातली पाण्याची ओळ मी दुरुस्त केली आहे आणि हिशेबही जोडला आहे. हे उत्तर पाठवण्याआधी बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि एकच भर घालायला सांगितली: "माझा मासा त्याने मधला घेतला होता. पहिला नाही, शेवटचाही नाही. तेवढं लिही."