चावी जमा करा आणि बाहेर थांबा

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात मी चार वर्षं गेटजवळच्या खिडकीच्या आत बसायचो. बिल्टी (मालाची पावती) घ्यायची, गाडी नंबर लिहायचा, चावी जमा करायची आणि सांगायचं, "नंबर लागला की हाक मारतो." त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यात मीही आलोच.

चवथीच्या आधीचे दिवस, पाऊस धो धो. कोल्हापूरहून रात्री निघून, आंबोली उतरून एक ड्रायव्हर मामा सकाळी सातला गेटवर पोचले. साठीला टेकलेले. "साहेब, संडासला कुठं जायाचं?" आतला संडास स्टाफसाठी. वॉचमनने मागची झाडी दाखवली. डोक्यावर टॉवेल, हातात पाण्याची बाटली, मामा पावसात निघाले. संडासाची किल्ली माझ्या खणात होती. देऊ नको असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच दिली नाही.

वर आम्हीच म्हणायचो, ड्रायव्हर लोक उद्धट असतात!

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. छान झालं. पण चावीच आमच्या खणात असेल तर एसी चालणार कशावर? ई-वे बिलाचंही, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचंही, तसंच. दर 200 किलोमीटरला एक दिवस मुदत. वाट घाटात लागते तेवढीच गेटसमोरच्या शेवटच्या पन्नास मीटरांत लागते, हे त्या हिशेबात कुठे बसतं? 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला 8 तास काम, 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती, सगळं लिहिलेलं होतं; नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. पण तो जुना कायदा लागू होता पाच किंवा जास्त कामगार असतील तिथे. मामा एकाच गाडीच्या मालकाकडे. ते त्यात नव्हतेच.

माझ्या मते हा माणुसकीपेक्षा पैशाचा प्रश्न आहे. गाडी दहा तास उभी राहिली तरी गोदामाचं काही जात नाही. हाल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, बोलीत असतं, पण मागायला गेलात की पुढचं भाडं दुसऱ्याला. हमालीसुद्धा बऱ्याचदा गाडीवाल्याच्याच खिशातून. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' म्हणून महाराष्ट्रातले वाहतूकदार उगाच ओरडत नाहीत. दोन तासांनंतरचं हाल्टिंग गोदामाच्या बिलातून आपोआप कापलं जाऊ द्या, डॉक, म्हणजे माल चढवा-उतरवायचे धक्के, कसे रिकामे होतात बघा. त्या दिवशीही एक डॉक दुपारपर्यंत रिकामाच होता. मामांचे कागद सहीसाठी टेबलावर पडलेले आणि साहेब मीटिंगमध्ये.

पण कापायचं तर गाडी आली कधी, हे खरं लिहायला हवं. आमच्या रजिस्टरात 'आत' या रकान्यात गाडी गेटवर आल्याची नव्हे, डॉकला लागल्याची वेळ टाकायची पद्धत होती. मामांच्या गाडीसमोर माझ्याच अक्षरात लिहिलंय: आत 3.40, बाहेर 5.05.