प्री-अप्रूव्हड म्हणे!

तुमच्या बँकेतून रोज फोन येतो, 'सर, तुमचं होम लोन प्री-अप्रूव्हड आहे.' मग नाशिकच्या पाथर्डी फाट्याला फ्लॅट पसंत करून तुमच्या दारात आलो, तर मीच संशयित कसा काय? सॅलरी स्लिप, फॉर्म १६, जमीन बिगरशेती असल्याची एनए ऑर्डर, मालकी तपासल्याचा सर्च रिपोर्ट, सगळं दिलं. आता म्हणे मंजूर नकाशाची प्रत पुसट आहे. अहो, ती बिल्डरने दिली, मी काय घरी छापली? नवी आणेपर्यंत सॅलरी स्लिप जुनी!

त्यात जन्मात उधारी केली नाही, क्रेडिट कार्ड नाही, म्हणून कर्जफेडीची पत सांगणारा सिबिल स्कोअरच नाही. म्हणजे चार हप्ते फिरवत बसलो असतो तर सज्जन ठरलो असतो?

बरं, कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की किमतीच्या फार तर ८० टक्के मिळणार. आणि स्टँप ड्युटी, नोंदणी त्या किमतीत धरतच नाहीत. उरलेले काय रामकुंडात बुडी मारून काढायचे?

फाइल कुठंय? 'लीगलला.' लीगल म्हणतं व्हॅल्युएशनला. फ्लॅटची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर फोन उचलत नाही. बिल्डर मात्र न चुकता उचलतो आणि भाव वाढल्याचं सांगतो.

वर हळूच, 'सर, सोबत विमा घेतलात तर फाइल जरा लवकर हलेल.' म्हणजे हलते तर!