कोकणातले प्रकल्प विरोधकांनी घालवले काय?

कोकणाने एन्रॉन घालवला, जैतापूर अडवले, नाणार हाकलले आणि आता तेच लोक रोजगारासाठी मुंबईची वाट धरतात, अशा अर्थाचा एक मजकूर गेली काही वर्षे मोबाइलवरून फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे बदलत नाहीत. विरोध नसता तर वीज स्वस्त झाली असती; शंका असतील त्यांनी जनसुनावणीत मांडाव्यात; आंदोलनांमागे परदेशी पैसा असतो; आणि सरकार निवडून आलेले आहे, पटत नसेल तर पाच वर्षांनी मतदानातून बदला, असे त्याचे म्हणणे असते. कोकणात पुरेसा रोजगार नाही हे त्यातले दुःख खरे आहे आणि ते मांडणाऱ्याची टिंगल करण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्या दुःखाला जे कारण चिकटवले जाते, ते उपलब्ध नोंदींशी ताडून पाहिले तर टिकत नाही.

पहिला दावा एन्रॉनचा. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा गुहागर तालुक्यातील दाभोळचा वीजप्रकल्प आंदोलनाने बंद पडलाच नाही. १९९७ मध्ये वेलदूर, अंजनवेल, रानवी या परिसरातील लोकांवर लाठ्या चालल्या, अटका झाल्या, आणि ‘ह्युमन राइट्स वॉच’ या संस्थेने १९९९ च्या जानेवारीत त्यावर स्वतंत्र अहवालही काढला. पण या सगळ्या काळात बांधकाम चालूच होते आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटच्या पहिल्या टप्प्यातून वीज बाहेर पडू लागली. त्यापूर्वी काम थांबले होते ते १९९५-९६ मध्ये, आणि ते गावकऱ्यांनी नव्हे तर खुद्द राज्य सरकारने थांबवले होते. प्रकल्प मे २००१ मध्ये बंद झाला तो ग्राहकानेच, म्हणजे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळानेच, करार मोडीत काढला म्हणून. मंडळावर ही वेळ का आली, हे समजून घेतल्याशिवाय ‘स्वस्त वीज’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

१९९३ च्या डिसेंबरात झालेल्या वीजखरेदी करारात विजेची किंमत दोन भागांत होती: प्रत्यक्ष वापरलेल्या इंधनाचा खर्च, आणि वीज घ्या अथवा न घ्या, द्यावाच लागणारा क्षमता आकार. खानावळीत महिन्याचे पैसे आगाऊ ठरवून टाकावेत आणि जेवायला गेले नाही तरी ते भरत राहावेत, तसा हा प्रकार होता. फरक इतकाच की या खानावळीचा मोठा हिशेब डॉलरमध्ये होता. करार झाला तेव्हा एका डॉलरला सुमारे ३१ रुपये पडत होते, प्रकल्प बंद पडला तेव्हा ४६ च्या वर. शिवाय इंधन नाफ्थ्याचे, म्हणजे खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रवाचे, त्यामुळे तेलाचे भाव चढले की तोही भार मंडळावरच. परिणामी ही वीज महाग झाली, महाग म्हणून मंडळ ती कमी घेऊ लागले, आणि कमी घेतली की ठरलेला क्षमता आकार थोड्या युनिटांवर विभागला जाऊन प्रत्येक युनिट आणखी महाग पडू लागले. २००० साली काही महिन्यांत हा दर युनिटला ७ रुपयांच्या वर गेला होता. या चक्रात आंदोलक कुठेच येत नाहीत.

हे कोणाला आधी दिसले नव्हते असेही नाही. १९९३ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे करारावर सह्या होण्यापूर्वीच, जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज देण्याचे नाकारले होते. राज्याची त्या वेळची मागणी पाहता एवढा मोठा, आयात वायूवर चोवीस तास चालवायचा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे तिचे मत होते. पुण्याच्या ‘प्रयास’ या ऊर्जाविषयक अभ्यासगटाने करारातील आकडेमोड मांडून हाच धोका दाखवून दिला. ज्यांना आज ‘विकासविरोधी’ म्हटले जाते त्या मंडळींपैकी अनेकांचा आक्षेप वीजनिर्मितीला नव्हता, या कराराच्या अटींना होता. २००१ मध्ये राज्य सरकारनेच नेमलेल्या माधव गोडबोले समितीने सगळा व्यवहार तपासला, तेव्हा दोष शासनव्यवहाराच्या अपयशाला दिला, आणि तो एका सरकारपुरता नव्हे, तर राज्यातील व केंद्रातील एकामागून एक आलेल्या सरकारांना दिला. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कंपनीनेच अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तोही गुहागरकरांनी करायला लावला, असे अजून कोणी म्हटलेले नाही.

जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाबद्दल थोडक्यात सांगता येईल. माडबन परिसरातील जमीन २०१० मध्येच अणुऊर्जा महामंडळासाठी संपादित झाली होती आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला, फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष सार्कोझी भारतात येण्याच्या काही दिवस आधी, ३५ अटींसह पर्यावरण मंजुरीही मिळाली होती. म्हणजे जमीन हाती आणि परवाना हाती. उरला तो अणुभट्ट्या विकत घेण्याचा अंतिम करार, आणि तो एवढ्या वर्षांत झालेला नाही. भट्ट्या पुरवणार असलेली अरेवा कंपनी आर्थिक गर्तेत गेली, तिचा अणुभट्टी व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच सरकारी कंपनीकडे गेला. दर किती आणि अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची, यावर वाटाघाटी रखडल्या. याच प्रकारची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामाँविल येथे २००७ मध्ये बांधायला घेतली, ती वीजजाळ्याला जोडली गेली २०२४ च्या डिसेंबरात, आणि खर्च मूळ ३.३ अब्ज युरोंवरून १३ अब्जांच्या पुढे गेला. फ्लामाँविलला जैतापूरजवळच्या साखरी नाट्याचे मच्छीमार विरोधाला गेले नव्हते. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला, ही या प्रकल्पाच्या इतिहासातील खरी किंमत आहे. पण प्रकल्प रखडला तो कराराच्या मेजावर.

नाणारच्या बाबतीत मात्र मजकुराचा दावा अर्धा खरा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करणाऱ्या त्या प्रकल्पाची भूसंपादनाची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली, त्यात स्थानिक विरोधाचा वाटा मोठा होता. पण ती लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, सत्तेतील दोन पक्षांच्या युतीच्या बोलणीतून रद्द झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये, त्याच दोन पक्षांपैकी एकाचे नेते मुख्यमंत्री असताना, राज्याने राजापूर तालुक्यातच बारसू येथे सुमारे १३ हजार एकर जमीन देऊ केली. नाणारला जो प्रकल्प नको होता तो बारसूला का हवा, याचे सविस्तर, सकारण उत्तर सरकारने गावकऱ्यांपुढे ठेवायला हवे होते. त्याऐवजी एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाची यंत्रे पोलीस बंदोबस्तात सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या पठारावर, आली. ज्या बारसूच्या सड्यावर हे चालले होते, तेथील कातळशिल्पांचा समावेश त्याआधीच्या वर्षी युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत झाला होता. सरकारी दप्तरात असा सडा बहुधा ‘पडीक’ म्हणून नोंदलेला असतो. पावसाळ्यात तिथे गुरे चरतात, नाचणी-कुळीथ होतो, पाणी मुरते, हे त्या एका शब्दात मावत नाही.

‘शंका असतील तर जनसुनावणीत मांडा’ हा मुद्दा वरवर सर्वांत वाजवी वाटतो, म्हणून जनसुनावणी म्हणजे नेमके काय ते पाहू. ती २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार होते. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवते, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या देखरेखीखाली ती होते, ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि चित्रीकरणही होते. मात्र तिला किमान उपस्थितीची अट नाही, स्थानिक भाषेत केवळ अहवालाचा सारांश देण्याचे बंधन आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे निर्णय होत नाही. लोकांचे म्हणणे आणि त्यावर प्रकल्पधारकाचे उत्तर कागदावर उतरवून पुढे पाठवायचे, इतकेच तिचे काम. जैतापूरची सुनावणी १६ मे २०१० रोजी झाली तेव्हा भूसंपादन आधीच उरकले होते. बारसूला तर सुनावणीच्या पायरीपर्यंत जाण्याआधीच बंदोबस्त लागला. ज्याची जागा ठरलेली आहे आणि जमीन गेलेली आहे, त्याबद्दल मत मागणे हे साखरपुडा झाल्यावर मुलीची पसंती विचारण्यासारखे आहे.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या गोव्याचे आहे. मोले राष्ट्रीय उद्यान आणि भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरणाबद्दलही ‘विकासाला विरोध’ हाच शिक्का मारला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदोरच्या रुळांवर रात्रभर बसलेल्या लोकांवर गुन्हेही दाखल झाले. पण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने जागेवर जाऊन पाहणी केली, रेल्वेला आकडे विचारले, आणि एप्रिल २०२१ च्या अहवालात या दुपदरीकरणाची गरज सिद्ध होत नसल्याचे नोंदवले. ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने ते मान्य करून राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. रुळांवर बसलेल्या लोकांचा प्रश्न योग्य होता, हे निदान या एका प्रकरणात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

परदेशी पैशाच्या आरोपावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. या आरोपाला बळ मिळाले ते जून २०१४ मध्ये बाहेर आलेल्या गुप्तचर विभागाच्या अहवालाने. आंदोलनांमुळे देशाच्या विकासदरावर वर्षाला २ ते ३ टक्क्यांचा परिणाम होतो, असे त्यात म्हटले होते, आणि तो आकडा कसा काढला हे मात्र पटेल असे दाखवलेले नव्हते. परदेशी पैशाचाच हिशेब मांडायचा असेल तर एन्रॉनच्या एका उपाध्यक्षांनी १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे दिलेली साक्ष वाचावी. भारतीयांच्या ‘शिक्षणावर’ आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले, असे त्यांनी स्वतः सांगितले होते.

शेवटचा मुद्दा मतदानाचा, आणि महाराष्ट्राने तो उपाय करून पाहिलेला आहे. १९९५ ची विधानसभा निवडणूक बऱ्याच अंशी एन्रॉनच्या प्रश्नावर लढवली गेली. प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा झाली, सरकार बदलले, आणि नव्या सरकारने ३ ऑगस्ट १९९५ रोजी तो रद्दही केला. करार फसवणुकीने झाला असल्याने तो रद्दबातल ठरवावा, असा दावा सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दाखल केला. काही महिन्यांतच त्याच सरकारने त्याच कंपनीशी पुन्हा बोलणी केली, प्रकल्पाची क्षमता २,०१५ वरून २,१८४ मेगावॉटपर्यंत वाढवून घेतली आणि दावा मागे घेतला. केंद्रात मे १९९६ मध्ये तेरा दिवस टिकलेल्या सरकारने जाता जाता प्रतिहमीवर, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्राने ते भरण्याच्या हमीवर, शिक्कामोर्तब केले. ‘सीटू’ ही कामगार संघटना न्यायालयात गेली, तेव्हा उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रकरण दाखल करून घेतले ते केवळ राज्य सरकारच्या उत्तरदायित्वाच्या मुद्द्यापुरते. तो मुद्दा बावीस वर्षे प्रलंबित राहिला आणि एप्रिल २०१९ मध्ये, आता फार काळ लोटला या कारणास्तव, प्रकरण बंद झाले. राज्य सरकारने स्वतःच्या दाव्यात केलेला फसवणुकीचा आरोप खरा होता की खोटा, हे आजवर कोणत्याही न्यायालयाने ठरवलेले नाही.