'काम कमी, बाकडं जास्त' या एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तुमची हजेरी काढून समोर ठेवली, तेव्हा राग जरा उतरला.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आम्ही पुण्यातल्या रुग्णालयांत आणि दवाखान्यांत जुनी उपकरणं काढून नवी बसवायची कामं घेतो. मोठं काम आलं की आठ-पंधरा दिवसांसाठी हंगामी मुलं घेतो. हे गृहस्थ एका रुग्णालयात इन्फ्युजन पंप (शिरेत औषध ठरलेल्या वेगाने सोडणारं यंत्र) बदलायच्या कामावर नऊ दिवस होते. तक्रारी चार आहेत. जाहिरातीत 'रोज १,२०० पर्यंत' लिहिलं आणि आयसीयूच्या तीन दिवसांचे मिळून ८४० रुपये पडले. चिकट, घाणेरडे पंप पुसायला लावले. सुपरवायझर सगळ्यांदेखत ओरडला. आणि पैसे काम संपल्यावर चौतिसाव्या दिवशी आले.

पैशांचं आधी बोलू, कारण तिथे तुमचं बरोबर आहे.

पंपामागे ७० रुपये हा दर मी ठरवला तो दवाखान्यांच्या कामावरून. आमची सुरुवातच तिथली. कोथरूड, सहकारनगर, धनकवडी. रविवारी सकाळी डॉक्टर स्वतः शटर उघडणार, जुनं ईसीजी मशीन टेबलावर मोकळं पडलेलं. नवं लावायचं, कागदाचा रोल घालायचा, एक पट्टी काढून दाखवायची, सही घ्यायची, चहा घेऊन बाहेर. तिथे नगावर दर चालतो. जनरल वॉर्डातही निभतं, कारण बरेच पंप स्टँडला नुसतेच लटकलेले असतात. तुम्हीच वॉर्डात एका दिवशी १७ बदललेत.

आयसीयूत पंप मोकळा नसतो. तो कुणाच्या तरी शिरेत चालू असतो. तुम्ही ज्या बेडपाशी अडीच तास थांबलात, त्या पेशंटला नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू होतं. रक्तदाब टिकवून धरणारं ते औषध रक्तात जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतं. पंप काढून दुसरा लावेपर्यंत धार तुटली, तर रक्तदाब धाडकन खाली येतो. म्हणून सिस्टर आधी नवा पंप शेजारी लावते, त्यात नवी सिरिंज भरते, तो सुरू करते, मॉनिटरवरचा आकडा बघत बघत जुना कमी करत आणते आणि मग बंद करते. तेवढ्या वेळात आपल्या माणसाने नवा पंप स्टँडला घट्ट आवळलेला, चार्ज केलेला आणि यूपीएसच्या सॉकेटला जोडलेला ठेवायचा. त्यानंतर हात मागे घेऊन उभं राहायचं. हे सगळं कधी करायचं, हे सिस्टर ठरवते, आणि तिला सिरिंज तशीही बदलायची असेल तेव्हाच ती ठरवते. सकाळी डॉक्टरांचा राउंड, संध्याकाळी नातेवाईक. मधली दुपार तेवढी आपली. (पुण्यात एक ते चार काही मिळत नाही म्हणून लोक हसतात. आमच्यासाठी आयसीयूचं दार नेमकं त्याच वेळात उघडतं.)

मग दिवसाला चार पंप होतात, कधी पाच, कधी तीन. उरलेला वेळ माणूस बाहेरच्या बाकड्यावर, पण हाकेच्या अंतरावर. कॅन्टीनला गेला आणि तेवढ्यात सिस्टरने बोलावलं, तर ती वेळ गेली. असं बांधून बसवलेल्या माणसाला नगावर पैसे द्यायचे, म्हणजे माझ्या कामाचा खोळंबा त्याच्या खिशातून भरायचा. दर लावताना हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं, आलं नाही. जाहिरातीतल्या 'पर्यंत' या शब्दामागे लपण्यातही अर्थ नाही.

आता आयसीयू, ऑपरेशन थिएटर आणि डायलिसिसच्या कामाला दिवसाचे ९०० ठरलेले, पंप तीन होवोत की तेरा. तुमचे तीन दिवसांचे २,७०० होतात, ८४० मिळालेत. फरकाचे १,८६० आज तुमच्या खात्यात पाठवले आहेत. त्या तुकडीतल्या बाकीच्यांनाही ज्याच्या त्याच्या हिशेबाने पाठवले, कुणी मागायची वाट न बघता.

उशिराबद्दल. रुग्णालयाकडून माझं बिल उशिरा सुटलं, हे खरं आहे. लहान उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं, असं २००६ च्या कायद्यात आहे. तो कायदा दाखवायला गेलं की पुढचं काम दुसऱ्याला जातं, हेही आहे. पण तो माझा आणि त्यांचा व्यवहार. तुमचं घरभाडं त्यावर थांबत नाही. यापुढे हंगामी माणसांचे पैसे काम संपल्याच्या आठवड्यात, बिल आलेलं असो वा नसो.

पंप पुसायचं मात्र मी मागे घेणार नाही. ग्लुकोजचं पाणी सांडून वाळलं की पंपाच्या दाराला साखरेच्या पाकासारखी खपली धरते. ती काढल्याशिवाय मागचा सिरियल नंबर वाचता येत नाही, आणि नंबर जुळल्याशिवाय रुग्णालयाच्या डेडस्टॉक रजिस्टरमधून, म्हणजे वस्तूंच्या नोंदवहीतून, पंपाची नोंद कमी होत नाही. ग्लोव्हज दिले होते, पुसायचं औषध दिलं होतं. सुई किंवा नळीला आपल्यापैकी कुणी हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं: नळी लाल पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात, आणि ते काम सिस्टरचं. आपल्या वाट्याला येतो तो नुसता पंप. तो ई-कचऱ्यात जातो, बॅटरी वेगळी काढून. हे काम हलकं नाही. पण जाहिरातीत 'टेक्निशियन असिस्टंट' असं मोठं नाव देऊन पुसण्याबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं, ते आता लिहिलंय.

राहिला सुपरवायझर. तुम्ही स्वतःच विषय काढलात म्हणून लिहितो, नाहीतर चारचौघांत लिहिलं नसतं. वॉर्डात एका पंपावर 'केव्हीओ' दिसत होतं. तुम्हाला वाटलं सलाइन संपलं, आणि तुम्ही पंप बंद केलात. केव्हीओ म्हणजे ठरलेलं औषध देऊन झालंय, पण शीर उघडी राहावी म्हणून पंप अगदी थेंब थेंब सोडतोय. तो बंद पडून राहिला तर सुईच्या टोकाशी रक्त गोठतं आणि पेशंटला पुन्हा टोचावं लागतं. सुपरवायझरने लगेच पाहिलं, सिस्टरने पंप पुन्हा सुरू केला, काही बिघडलं नाही. त्याने तुम्हाला अडवलं ते योग्यच केलं. पेशंटसमोर 'अक्कल आहे का' म्हणाला, ते चुकलं. मी त्याच्याशी बोललोय. आणि खरं तर केव्हीओ म्हणजे काय, हे आमच्या पहिल्या दिवसाच्या माहितीत नव्हतंच, मग तुम्हाला कळणार कुठून? आता पंप हातात देण्यापूर्वी त्याच्या पडद्यावर येणारा प्रत्येक शब्द दाखवतो.

एक शेवटचं. तुमच्या तुकडीला हेपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस दिला होता. दुसरा महिन्याने असतो, त्याची तारीख होऊन गेलीय, आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. यादीत दोघांच्या नावापुढे दुसऱ्या डोसची खूण नाही, त्यात तुम्ही आहात. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. आमच्याकडे पुन्हा कामाला यायचं नसेल तरी ऑफिसात येऊन चिठ्ठी घेऊन जा. पैसे आम्हीच भरतोय.